वाचकांचे प्रश्न: सिअ‍ॅटलचं संगणक संग्रहालय, माळ्यावरचा पीसी आणि बुरशी लागलेल्या फ्लॉप्या

सिअ‍ॅटलचं ‘लिव्हिंग कम्प्युटर्स’ हे संग्रहालय कायमचं बंद झालं आणि त्यातल्या वस्तू लिलावात गेल्या, याबद्दल आम्ही लिहिल्यावर बरीच पत्रं आली. काही पत्रं त्या संग्रहालयाबद्दलच आहेत. पण जास्त पत्रं आहेत ती आपापल्या घरातल्या, छापखान्यातल्या आणि कॉलेजातल्या जुन्या यंत्रांचं काय करायचं, अशी विचारणा करणारी. त्यातल्या निवडक प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न: संग्रहालयातल्या वस्तू विकता येतात, हेच पटत नाही. नेमकं काय झालं? आणि हे कायद्यात बसतं का? (पुणे)

दारावर ‘संग्रहालय’ अशी पाटी असली म्हणून आतल्या वस्तू आपोआप लोकांच्या होत नाहीत. मालक कोण, हे कागदावर ठरतं.

मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अ‍ॅलन यांनी हा संग्रह स्वतःच्या पैशाने उभा केला आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये सिअ‍ॅटलच्या सोडो भागात तो लोकांना खुला केला. इथली मोठी यंत्रं चालती होती. डिजिटल कंपनीचा पीडीपी-१०, झेरॉक्सचा अल्टो, पर्ड्यू विद्यापीठात वापरला गेलेला सीडीसी ६५०० अशी यंत्रं दुरुस्त करून सुरू ठेवली होती. पाहुणा खुर्चीत बसून प्रोग्राम लिहू शकत होता, आणि ज्याला जाता येत नव्हतं तो इंटरनेटवरून खातं उघडून त्याच पीडीपी-१० वर काम करू शकत होता. त्या काळातला संगणक प्रत्यक्ष वापरायला देणारी जागा जगात फार थोडी. म्हणूनच हे नुकसान जिव्हारी लागणारं आहे.

ऑक्टोबर २०१८ मध्ये अ‍ॅलन यांचं निधन झालं. २०२० च्या सुरुवातीला कोविडमुळे दार बंद झालं, त्याच वर्षी कर्मचारी गेले आणि दार पुन्हा उघडलं नाही. जून २०२४ मध्ये अ‍ॅलन यांच्या इस्टेटीने (मृत्यूनंतर त्यांची मालमत्ता सांभाळणाऱ्यांनी) संग्रहालय कायमचं बंद झाल्याचं सांगितलं आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ‘क्रिस्टीज’ने लिलाव केला. स्टीव्ह जॉब्स यांच्या कार्यालयातला अ‍ॅपल-१ ९,४५,००० डॉलरला गेला. अणुबॉम्बच्या शक्यतेबद्दल आइनस्टाइन यांनी १९३९ मध्ये सही केलेलं, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना उद्देशून लिहिलेलं पत्रही अ‍ॅलन यांच्या मालकीचं होतं. त्याला सुमारे ३९ लाख डॉलर मिळाले. मालमत्ता विकून आलेला पैसा धर्मादाय कामासाठी वापरला जावा, ही अ‍ॅलन यांचीच इच्छा होती, असं इस्टेटीने सांगितलं. कायद्याच्या बाजूने यात खोट काढता येत नाही. संग्रहालयासाठी स्वतंत्र, स्वतःचा निधी असलेली आणि संग्रहाची मालकी असलेली संस्था अ‍ॅलन यांच्या हयातीत उभी राहिली नाही. सगळं तिथेच ठरलं.

वस्तू नष्ट झाल्या नाहीत, मग नुकसान कसलं, असंही काही वाचकांनी विचारलंय. लिलावात संग्रह लॉटमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या विकल्या जाणाऱ्या गठ्ठ्यांत, फुटतो. यंत्र एकाकडे जातं, त्याचे सर्किटचे नकाशे दुसऱ्याकडे, सुटे बोर्ड तिसऱ्याकडे, आणि दुरुस्तीच्या वह्या कधीकधी कुणाकडेच नाहीत. पीडीपी-१० सारख्या यंत्रात शेकडो बोर्ड असतात. त्यातला कोणता बोर्ड तापला की दगा देतो, कोणता कनेक्टर दाबून बसवावा लागतो, कोणत्या क्रमाने वीज चालू करायची, ही माहिती यंत्राजवळ रोज उभं राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात असते. सीडीसी ६५०० ला तर कॅबिनेटच्या आतच शीतकरणाची यंत्रणा आहे. ती बंद पडली तर संगणक काही मिनिटंही चालवता येत नाही. असं यंत्र दिवाणखान्यात शोभेला ठेवलं की ते चालवण्याची विद्या एका पिढीत संपते.

याच्या उलट उदाहरणही आहे. बॉस्टनचं ‘द कम्प्युटर म्युझियम’ १९९९ मध्ये बंद झालं. पण ऐतिहासिक संग्रह कॅलिफोर्नियाला गेला आणि त्यातूनच माउंटन व्ह्यूचं ‘कम्प्युटर हिस्टरी म्युझियम’ उभं राहिलं. मुलांसाठीची प्रात्यक्षिकं बॉस्टनच्याच विज्ञान संग्रहालयाकडे गेली. तिथे इमारत गेली, संग्रह एकसंध राहिला.

प्रश्न: आपल्याकडे असं झालं तर पुरातन वस्तूंचा कायदा आडवा येईल ना? (ठाणे)

नाही. १९७२ च्या पुरावशेष व कला संपदा कायद्यानुसार वस्तू किमान १०० वर्षांची हवी; हस्तलिखितांसारख्या काही कागदपत्रांना ७५ वर्षांची अट आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पूर्णपणे देशात बांधलेला टिफ्रॅक संगणक १९६० मध्ये सुरू झाला. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या) होते. त्याचा एखादा भाग आज कुणाच्या हाती लागला, तरी या कायद्याच्या दृष्टीने तो २०६० पर्यंत पुरावशेष नाही. दरम्यान अशा वस्तूची गाठ पडते ती ई-कचऱ्याच्या नियमांशी आणि भंगारवाल्याच्या तराजूशी. जुन्या बोर्डांच्या कडांवर सोन्याचा मुलामा जाड असायचा, त्यामुळे सत्तर-ऐंशीच्या दशकातले बोर्डच आधी तोडले जातात.

प्रश्न: वडिलांनी १९८९ मध्ये घेतलेला पीसी माळ्यावर आहे. चालतो का, हे बघण्यासाठी प्लग लावून पाहू का? त्याचा मदरबोर्ड ३८६ (इंटेलच्या त्या काळच्या प्रोसेसरचा) आहे. (चिपळूण)

कृपा करून लावू नका. इतकी वर्षं पडून असलेली यंत्रं बहुतेक वेळा पहिल्या दहा सेकंदांतच मरतात, तीही टाळता येण्याजोग्या कारणांनी. चिपळूणच्या हवेत तर आणखीच जपायला हवं.

आधी कव्हर काढा आणि मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो घ्या. कोणती केबल कुठे, लाल कड कोणत्या बाजूला, जंपर (पिनांवरच्या छोट्या टोप्या) कुठे, हे सगळं दिसलं पाहिजे. मग बोर्डावर, बहुधा कीबोर्डच्या कनेक्टरजवळ, निळी किंवा हिरवी नळकांड्यासारखी ३.६ व्होल्टची बॅटरी शोधा. ही निकेल-कॅडमियम असते आणि हमखास गळते. गळालेलं द्रव्य म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड. तांब्याच्या रेषांवर ते हिरवट-निळं चढतं, हिरव्या लेपाखाली सरकतं आणि रेषा आतून खाऊन टाकतं. बॅटरी कटरने कापून काढा, ओढू नका. ओढलीत तर तिच्यासोबत बोर्डावरची तांब्याची चकतीही उखडते.

साफ करताना एक चूक खूप जण करतात: खाण्याचा सोडा लावतात. सोडा गाडीच्या आम्लाच्या बॅटरीसाठी ठीक. इथे गळालेलं अल्कली आहे, त्याला आम्ल लागतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या, जुन्या मऊ टूथब्रशने डाग लागलेल्या भागावर लावा, पाचेक मिनिटं थांबा. मग बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर वापरून दोन-तीनदा धुवा आणि शेवटी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा. पंख्याखाली पूर्ण एक दिवस वाळू द्या. भिंगातून पाहा: काळी पडलेली रेष मल्टिमीटरने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तपासा. तुटली असेल तर बारीक वायर टाकून जोडता येते.

तशीच बॅटरी परत बसवू नका. बऱ्याच बोर्डांवर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिनांचा कनेक्टर असतो. तिथे तीन पेन्सिल सेलचा होल्डर लावा, धन तारेत एक १एन४१४८ डायोड टाका (नाहीतर काही बोर्ड साध्या सेललाही चार्ज करू पाहतात) आणि होल्डर लांब वायरवर, कॅबिनेटच्या भिंतीला चिकटवा. पुन्हा गळलं तरी बोर्ड वाचेल.

आता पॉवर सप्लाय. तो बोर्डापासून आणि ड्राइव्हपासून सोडवून वेगळाच तपासायचा. मागे ११५/२३० चा स्विच असेल तर तो २३० वर आहे ना, आधी बघा. अमेरिकेतून आणलेल्या पीसीत तो ११५ वर सापडतो. ११५ वर असताना आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करतं, त्यात आपली २३० व्होल्टची वीज दिली की २०० व्होल्टचे दोन्ही मोठे कपॅसिटर फुटतात.

आतले ते मोठे कपॅसिटर, यंत्र चालू झाल्यावर, सुमारे ३२० व्होल्ट धरून ठेवतात. प्लग काढल्यावरही ते तसेच राहू शकतात. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड पकडीत धरून काही सेकंद टोकांना लावा आणि मीटरवर व्होल्टेज शून्याजवळ आलं की मगच हात घाला. ज्यांना विजेच्या कामाची सवय नाही त्यांनी हा भाग टीव्ही दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिराकडे न्यावा. हे काम त्याचं रोजचं असतं.

वीज आत येते तिथे पिवळसर, पारदर्शक ठोकळ्यासारखा कपॅसिटर दिसला आणि त्याच्या अंगावर केसासारख्या भेगा असल्या, तर तो आधी बदला. हे कागदाचे कपॅसिटर भेगांतून दमट हवा ओढतात आणि वीज मिळताच घरभर धूर करतात. जागेवर तितक्याच मूल्याचा (बहुधा ०.१ मायक्रोफॅरड), २७५ व्होल्ट एसीचा, एक्स-२ वर्गाचा पॉलिप्रॉपिलिनचा घाला. अर्थिंगला जोडलेले छोटे कपॅसिटर बदलायचे असतील तर ते वाय-२ वर्गाचेच हवेत. तिथे दुसरा कुठलाही घातला आणि तो शॉर्ट झाला तर कॅबिनेटला करंट येतो.

पहिल्यांदा वीज देताना १०० वॅटचा साधा, तारेचा बल्ब असलेला सिरीज बोर्ड (ज्यात वीज बल्बमधून होऊनच यंत्राला जाते) वापरा. एलईडी चालत नाही. सप्लाय रिकामा चालवू नका. जुन्या सप्लायला ५ व्होल्टच्या बाजूला थोडा भार लागतो, म्हणून लाल आणि काळ्या वायरमध्ये ५ ओहम, १० वॅटचा रेझिस्टर लावा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. पूर्ण प्रकाशात पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे. लगेच बंद करा. पुढे थेट विजेवर व्होल्टेज मोजा: लाल वायरवर ४.७५ ते ५.२५, पिवळ्यावर ११.४ ते १२.६. या मर्यादेबाहेर असेल तर बोर्डाला जोडू नका.

बोर्डाला जाणारे दोन सहा-सहा पिनांचे कनेक्टर शेजारीशेजारी बसतात. दोन्हींच्या काळ्या वायरी मधोमध एकमेकींना लागून आल्याच पाहिजेत. अदलाबदल झाली तरी ते बसतात, आणि बोर्ड जळतो. इतकी काळजी घेऊन शेवटी इथे यंत्र गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

चालू करताच एखादा थेंबाच्या आकाराचा पिवळा किंवा निळा टँटलम कपॅसिटर फटकन फुटला तर घाबरू नका. १२ व्होल्टच्या रेषेवर १६ व्होल्टचे टँटलम असतात, ते शॉर्ट होतात. जागेवर ३५ व्होल्टचा लावा, धन बाजू नीट पाहून.

हार्डडिस्क मात्र सगळ्यात शेवटी जोडा. वडिलांच्या फाइली हव्या असतील तर ती फिरायला लागताच आधी प्रत काढा, खेळ नंतर. दुसरी संधी मिळेलच असं नाही.

प्रश्न: आमच्या छापखान्यात १९९२ ते २००२ मधल्या दोनशेच्या आसपास फ्लॉप्या आहेत. दिवाळी अंक, स्मरणिका, एका स्थानिक शब्दसंग्रहाचं टंकलेखन. काहींवर पांढरी बुरशी दिसते. यूएसबी ड्राइव्ह घेऊन सुरुवात करू का? (मिरज)

बुरशीची फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालू नका. एका फ्लॉपीची घाण ड्राइव्हच्या वाचणाऱ्या हेडला लागते आणि तेच हेड पुढच्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडा ओढतं. आधी तीन ढीग करा: स्वच्छ, संशयित, बुरशीच्या. साडेतीन इंचीची धातूची पट्टी सरकवून, मधला गोल हाताने फिरवत, दोन्ही बाजू उजेडात तिरक्या धरून पाहा. काम पावसाळ्यानंतर करा. नाहीतर फ्लॉप्या सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात दोन-तीन दिवस ठेवा. उन्हात किंवा हीटरजवळ वाळवू नका, चकती वाकते.

बुरशी पुसायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारा मऊ बोळा. दाबू नका, बोळा टेकवा आणि चकती फिरवा. बोळ्यावर तपकिरी रंग येऊ लागला तर थांबा. तो रंग बुरशीचा नसतो, चुंबकीय थर सुटतोय असा त्याचा अर्थ. स्वच्छ ढिगापासून सुरुवात करा, शब्दसंग्रहाच्या फ्लॉप्या मात्र सवय झाल्यावरच घ्या.

प्रत्येक फ्लॉपीचं लेखन आधी बंद करा. साडेतीन इंचीत कोपऱ्यातलं भोक उघडं म्हणजे बंद. सव्वापाच इंचीत याच्या उलट, कडेची खाच चिकटपट्टीने झाकायची. विंडोज काही न विचारता फ्लॉपीवर लिहून जातं, म्हणून ही पायरी गाळू नका.

यूएसबी ड्राइव्ह साडेतीन इंची, पीसीवर तयार झालेल्या ७२० केबी आणि १.४४ एमबीच्या फ्लॉप्यांपुरताच. सव्वापाच इंचीला तो चालत नाही आणि मॅकवरच्या जुन्या ८०० केबीच्याही वाचत नाही, कारण मॅक आतल्या आणि बाहेरच्या वर्तुळांसाठी वेग बदलत असे. दोनशे फ्लॉप्या असतील तर ‘ग्रीसवीझल’ नावाचा छोटा बोर्ड घ्या. एका बाजूने यूएसबी, दुसऱ्या बाजूने ३४ पिनांची केबल, तिला जुना साडेतीन किंवा सव्वापाच इंची ड्राइव्ह. ड्राइव्हला वेगळी ५ आणि १२ व्होल्टची वीज द्यावी लागते. तो फाइली वाचत बसत नाही, पृष्ठभागावरचे चुंबकीय बदलच जसेच्या तसे टिपतो. त्यामुळे पीसीने ‘फॉरमॅट नाही’ म्हणून टाकून दिलेली फ्लॉपीही पुष्कळदा वाचते. प्रत्येक ट्रॅकच्या (चकतीवरच्या वर्तुळाकार पट्ट्याच्या) किमान तीन फेऱ्या टिपा, खराब फ्लॉपीला पाच. ३६० केबीच्या फ्लॉप्या १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये वाचायला हरकत नाही. त्याच ड्राइव्हने त्यांवर लिहायचं मात्र नाही. त्याचं हेड अरुंद असतं, जुना पट्टा पूर्ण पुसला जात नाही आणि मग दोन्ही मजकूर हातचे जातात.

‘खर्र’ असा घासल्याचा आवाज आला की लगेच बाहेर काढा. दर दहा फ्लॉप्यांनी आणि प्रत्येक संशयित फ्लॉपीनंतर हेड पुसा.

मिळालेली मूळ प्रतिमा, म्हणजे फ्लॉपीची जशीच्या तशी प्रत असलेली फाइल, कधीही बदलू नका. तिला फ्लॉपीवरच्या चिठ्ठीचा फोटो जोडा. तुमच्याकडच्या चिठ्ठ्यांवर गिऱ्हाइकाचं नाव आणि अंक हाताने लिहिलेला असणार. तीच पुढची सूची.

फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसेल. ती फाइल बिघडलेली नाही. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे फॉन्ट यांत प्रत्येकाची स्वतःची मांडणी होती; त्या फॉन्टशिवाय मजकूर वाचता येत नाही. म्हणून पेजमेकर या पानं लावायच्या प्रोग्रामच्या फाइलीबरोबर त्या संगणकातले फॉन्टही उचला. युनिकोडमध्ये आणणारी कन्व्हर्टर साधनं आहेत, पण कन्व्हर्टर त्याच फॉन्टसाठी, शक्यतो त्याच आवृत्तीसाठी हवा.

चुका कुठे होतात, तेही ठरलेलं आहे. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं जशी दिसतात त्या क्रमाने साठवली जात. ‘कि’ मध्ये वेलांटी आधी, क नंतर. युनिकोडमध्ये क आधी. तसंच ‘सूर्य’ मधला रफार फॉन्टमध्ये य नंतर टंकलेला असे, युनिकोडमध्ये तो य च्या आधी यावा लागतो. कन्व्हर्टरने क्रम फिरवला नाही की ‘सूयर्’, ‘धमर्’, ‘िकती’ असं दिसू लागतं. म्हणून रूपांतरानंतर दोन शोध घ्या: ‘र्’ च्या लगेच पुढे रिकामी जागा, आणि रिकाम्या जागेच्या लगेच पुढे ऱ्हस्व वेलांटी. बरोबर मराठी मजकुरात हे जवळपास कधीच येत नाही, त्यामुळे चुका भराभर हाती लागतात. ‘वाऱ्यावर’, ‘दऱ्या’ यांतला र मात्र शोधून सापडत नाही; तो निमूटपणे ‘वार्‍यावर’ किंवा ‘वार्यावर’ होऊन जातो. शब्दसंग्रहाच्या कामात हे डोळ्यांनीच तपासावं लागेल, मूळ फॉन्टमध्ये छापलेलं पान शेजारी ठेवून. बोलीतले शब्द असतील तर तपासणाऱ्याला ती बोली येत असावी.

प्रश्न: नकली यंत्र, म्हणजे एम्युलेटर, असताना खरी जड यंत्रं कशाला जपायची? (नागपूर)

‘सिम्ह’सारख्या एम्युलेटरवर पीडीपी-१० ची जुनी प्रणाली आज साध्या लॅपटॉपवर चालते, आणि ही मोठीच गोष्ट आहे. पण एम्युलेटर बरोबर वागतोय की नाही, हे शेवटी खऱ्या यंत्राशीच ताडून पाहावं लागतं. सिअ‍ॅटलला मधला मार्ग काढला होता: मूळ प्रोसेसर खरा, पण सतत बिघडणाऱ्या जुन्या डिस्कच्या जागी तिची नक्कल करणारं नवं सर्किट. आमच्या मते हेच शहाणपणाचं.

प्रश्न: आमच्या अभियांत्रिकी कॉलेजात ऐंशीच्या दशकातला युनिक्सचा मिनी-संगणक, टेप आणि मॅन्युअल आहेत. खोली रिकामी करायला पंधरा दिवस दिलेत. (सांगली)

पंधरा दिवसांत कागदाचं काम आधी. ही यंत्रं डेड स्टॉक रजिस्टरमध्ये असतात आणि निर्लेखन (नोंदवहीतून वस्तू रीतसर कमी करणं) झाल्याशिवाय बाहेर देता येत नाहीत. निर्लेखनाचा नेहमीचा शेवट म्हणजे वजनावर लिलाव. म्हणून निर्लेखन समितीच्या ठरावातच ‘ऐतिहासिक वस्तू म्हणून जतनासाठी अमुक संस्थेला हस्तांतर’ असं नेमकं लिहून घ्या. संस्था ठरलेली नसेल तर ‘जतनासाठी राखीव’ एवढं तरी. त्या एका ओळीने भंगाराची गाडी थांबते.

ज्या संस्थेला विचाराल तिला पत्रात मॉडेल, अनुक्रमांक, लांबी-रुंदी-उंची, अंदाजे वजन, सोबतची मॅन्युअल आणि फोटो द्या. ‘जुना संगणक आहे, हवा का?’ एवढ्याच पत्राला होकार येत नाही.

हलवताना एकच गोष्ट डोळ्यात तेल घालून सांभाळा: केबल कापू देऊ नका. घाईत हमाल पक्कडने केबल तोडतात आणि तिथेच यंत्र कायमचं मरतं, कारण त्या केबल आता कुणी बनवत नाही. दोन्ही टोकांना तोच क्रमांक चिकटवा, फोटो काढा, मग सोडवा. मोठ्या डिस्क ड्राइव्हचं हेड वाहतुकीसाठी अडकवून ठेवायची कळ असते, मॅन्युअलमध्ये बघून ती लावा. बोर्ड अँटिस्टॅटिक पिशव्यांत ठेवा. साधा गादीचा फोम वापरू नका, काही वर्षांत तो चिकट राळ होऊन बोर्डाला लागतो. टेप उभ्या ठेवा, आडव्या रचू नका. मॅन्युअल आणि टेप यंत्राबरोबरच गेल्या पाहिजेत. ग्रंथालयाने मॅन्युअल मागितली तर स्कॅन द्या, मूळ नको.

प्रश्न: वडिलांचा जुन्या रेडिओ-संगणकांचा संग्रह संग्रहालय म्हणून चालवायचा आहे. सिअ‍ॅटलसारखं होऊ नये म्हणून कागदोपत्री काय करावं? (नाशिक)

वडील असतानाच हे करा, ही पहिली गोष्ट. संग्रह वैयक्तिक नावावर राहिला तर तो वारसांमध्ये वाटला जाणारी मालमत्ता ठरतो, आणि एका वारसाने वाटणी मागितली तरी प्रदर्शन संपतं.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली न्यास नोंदवा आणि वस्तू दानपत्राने न्यासाच्या नावे करा. धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदीत जंगम मालमत्ताही लिहिली जाते. ‘जुने रेडिओ, अंदाजे’ असं लिहू नका, क्रमांकवार यादी जोडा. नंतर बदल झाला तर कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. आता ज्याकडे दुर्लक्ष होतं ते: कलम ३६ प्रमाणे आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते ती स्थावर मालमत्ता विकताना. जमीन, इमारत यांना हे कवच आहे, तुमच्या रेडिओंना नाही. ते कवच तुम्हालाच न्यासपत्रात लिहावं लागेल: संग्रहातली वस्तू विकायची तर सर्व विश्वस्तांची संमती, विक्रीचा पैसा फक्त संग्रहावरच खर्च, आणि न्यास चालवणं अशक्य झालं तर अखंड संग्रह अमुक प्रकारच्या संस्थेकडे जाईल, असा स्पष्ट उल्लेख. त्या संस्थेची तयारी आधी विचारून घ्या. मसुदा धर्मादाय कामाच्या वकिलाकडून तपासून घ्या.

इतर लोक वस्तू देतील तेव्हा ‘दान’ की ‘उसनी’ हे पावतीवर लिहा. दान असेल तर देणाऱ्याला हवी असल्यास ‘संग्रहालय बंद झाल्यास वस्तू परत’ अशी अट घालता येते. तोंडी आश्वासन पुढच्या विश्वस्तांना बांधून ठेवत नाही.

यादीची आणि फोटोंची एक प्रत इमारतीबाहेर, दुसऱ्या गावात ठेवा. युक्रेनमध्ये मारिउपोलचं ‘क्लब ८-बिट’ हे जुन्या संगणकांचं खासगी संग्रहालय मार्च २०२२ मध्ये बॉम्बहल्ल्यात पाचशेहून अधिक वस्तूंसह गेलं. नाशिकला पूर आणि शॉर्ट सर्किट एवढे धोके पुरेसे आहेत. तळमजल्यावर वस्तू जमिनीपासून किमान फूटभर उंच ठेवा आणि रात्री मेन स्विच बंद करायची जबाबदारी एका नेमक्या माणसावर टाका.

प्रश्न: मुलीकडे अमेरिकेत जाणार आहे. चालते जुने संगणक आता कुठे बघायला मिळतील? (सोलापूर)

माउंटन व्ह्यूच्या ‘कम्प्युटर हिस्टरी म्युझियम’मध्ये आयबीएम १४०१ आणि पीडीपी-१ ची चालती प्रात्यक्षिकं होतात. ती ठरावीक दिवशीच असतात, म्हणून दिवस बघून जा. सिअ‍ॅटलला जाणार असाल तर ‘इंटरिम कम्प्युटर म्युझियम’ची चौकशी करा, ‘एसडीएफ’ या जुन्या युनिक्स समुदायाने ते उभं केलंय. वाटेत इंग्लंड असेल तर ब्लेचली पार्कच्या आवारातलं ‘नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंग’ चुकवू नका. तिथला १९५१ चा हारवेल डेकाट्रॉन अजून गणितं करतो, आणि त्याच्या नळ्यांमधला नारिंगी ठिपका आकड्यागणिक सरकताना डोळ्यांना दिसतो.